अमेरिकेतली सरकारी कुरणं, तिथले रँचर आणि आपले मेंढके

बॉइझीकर (धागाकर्ता)

मंडळी, इकडे आयडाहोत दर मार्चमध्ये ईगल गावाजवळ हायवे ५५ वरची ट्रॅफिक थांबवतात आणि हजारांनी मेंढ्या रस्ता ओलांडून डोंगराच्या दिशेने जातात. लोक पोरंबाळं घेऊन बघायला येतात, घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. मेंढ्यांबरोबर दोन-चार मेंढके, बहुतेक पेरू देशातून व्हिसावर आलेले, आणि ती पांढरी केसाळ राखणीची कुत्री. हिवाळ्यात कळप खाली स्नेक नदीच्या सपाटीला, उन्हाळ्यात वर डोंगरात. म्हणजे आपल्याकडे धनगरांचे वाडे (मेंढरं, घोडी, बिऱ्हाड घेऊन फिरणारे तळ) फिरतात तसाच प्रकार, फक्त इथे पोलीस वाट मोकळी करून देतात.

तर मला पडलेला प्रश्न त्या डोंगरातल्या जमिनीचा. ती फेडरल सरकारची असते. आयडाहोत साठ टक्क्यांच्या वर जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे, शेजारच्या नेवाडात तर जवळपास ८० टक्के. डोंगरातलं जंगल फॉरेस्ट सर्व्हिसकडे आणि खालचा कोरडा माळ ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, त्याला सगळे बीएलएम म्हणतात. एकट्या बीएलएमची साडेपंधरा कोटी एकर जमीन चराईला खुली आहे, दोन महाराष्ट्र बसतील एवढी. त्यावर सुमारे १८ हजार परमिटं. आणि भाडं? २०२५ मध्ये एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चरायला १ डॉलर ३५ सेंट होतं. मेंढ्या असतील तर तेवढ्याच पैशात पाच. २०१९ पासून कित्येक वर्षं दर तिथेच होता, कारण याच्याखाली जायचं नाही असं १९८६ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी ठरवून दिलं आणि दर काढायचं सूत्रच असं आहे की आकडा सारखा तळाला येतो. खाजगी कुरण भाड्याने घ्यायचं तर वीस डॉलरच्या पुढे मोजावे लागतात.

एवढं स्वस्त असून इथले रँचर (गुरं-मेंढ्या पाळणारे मोठे शेतकरी) सरकारच्या नावाने बोटं मोडतात, आणि पर्यावरणवाले म्हणतात की सरकार रँचरच्या खिशात आहे. दोघंही चिडलेले. यातलं कुणी जाणकार असेल तर लिहा, आणि आपल्याकडच्या गायरानांचं, फॉरेस्टच्या चराईबंदीचंही येऊ द्या.

पुणेरी_तिरकस

सव्वा-दीड डॉलरात गाय महिनाभर जेवते आणि मालक वर सरकारला शिव्या घालतो. म्हणजे फुकट्यांची जात जगभर सारखीच. आणि हे सगळं शेवटी बर्गरसाठी ना? चालू द्या.

नेवाडातली_मावशी

बॉइझीकर, आमच्या नेवाडातलं क्लायव्हन बंडी प्रकरण लिहिल्याशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही. लास व्हेगासपासून तास-दीड तासावर बंकरव्हिल म्हणून गाव आहे, तिथला हा रँचर. १९९० मध्ये मोहावी वाळवंटातल्या कासवाला धोक्यातला प्राणी म्हणून संरक्षण मिळालं, मग बीएलएमने त्या भागातली चराई कमी करायला घेतली. बंडी म्हणाला माझे पूर्वज १८७० च्या दशकापासून इथे आहेत, फेडरल सरकारची ही जमीनच नाही, मी त्यांना ओळखत नाही. १९९३ पासून त्याने फी भरणं बंद केलं. गाई मात्र चरतच राहिल्या. कोर्टाने १९९८ मध्ये हुकूम दिला की गाई काढा, परत २०१३ मध्ये दिला, ह्या पठ्ठ्याने ढुंकून पाहिलं नाही. थकबाकी दंडासकट दहा लाख डॉलरच्या वर गेली.

शेवटी एप्रिल २०१४ मध्ये बीएलएमने माणसं आणून गाई गोळा करायला सुरुवात केली. चारेकशे गाई पकडल्या असतील, तोवर देशभरातून बंदुकवाले येऊन थडकले. हायवेच्या पुलावर रायफली रोखून माणसं आडवी पडलेली, खाली सरकारी अधिकारी. रक्तपात नको म्हणून १२ एप्रिलला सरकारने माघार घेतली आणि गाई सोडून दिल्या. पुढे खटला झाला, पण सरकारी वकिलांनी पुरावे बचाव पक्षापासून दडवले म्हणून जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच काढून टाकला. म्हातारा सुटला, आणि गाई अजून चरतायत.

आमच्याकडे बिनकागदाचा माणूस सिग्नलवर पकडला गेला तर काय होतं ते आम्ही बघतोय. इथे बंदूक दाखवून वीस वर्षांची फी बुडवली आणि काही झालं नाही. मी एवढंच म्हणेन.

बॉइझीकर

मावशी, बरोबर, पण बंडी म्हणजे सगळे रँचर नाहीत हो. बहुतेक लोक फी वेळेवर भरतात आणि बंडीच्या नावाने तेही कपाळाला हात लावतात.

मी एका रँचरशी बोललो होतो, त्याचं म्हणणं असं की तुम्ही १.३५ आणि वीस डॉलर शेजारी ठेवता हेच चूक आहे. खाजगी कुरणात कुंपण मालकाचं, पाणी मालकाचं, राखणही बरेचदा मालकच करतो. सरकारी अलॉटमेंटवर (परमिटमध्ये नेमून दिलेला चराईचा तुकडा, त्याला इथे अलॉटमेंट म्हणतात) कुंपण दुरुस्त करायचं ते त्याने, पाण्याची पाइपलाइन त्याने बघायची, लांडग्याने वासरू नेलं तर ते शोधत फिरायचं त्यानेच. लांडगे इथे १९९५ मध्ये सरकारने कॅनडातून आणून सोडले, तेव्हापासून तो विषय काढला की समोरचा तासभर सोडत नाही. शिवाय तारखा सरकार ठरवणार, जनावरं किती तेही सरकार ठरवणार. ओढ्याकाठचं गवत अमुक इंचापेक्षा खाली गेलं की हलवा कळप. दुष्काळ पडला की संख्या कापली.

उलट बाजू अशी की सरकारचा हिशेब तपासणाऱ्या खात्यानेच २००५ मध्ये अहवाल दिला, त्यात २००४ या एका आर्थिक वर्षात चराई सांभाळायला सगळ्या खात्यांनी मिळून कमीत कमी १४ कोटी ४० लाख डॉलर खर्चले आणि फी म्हणून जमा झाले २ कोटी १० लाख. बाकीचं करदात्याच्या खिशातून, म्हणजे माझ्यासुद्धा.

कोर्टकचेरी

धागा आवडला. पण मुळापासून घ्या ना, ही परमिटं आली कुठून? आपल्याकडे ब्रिटिशांनी जंगल खातं काढलं आणि एका रात्रीत गावकरी चोर ठरले, तिकडे काय झालं?

बॉइझीकर

तिकडे उलटं. एकोणिसाव्या शतकात ही जमीन कुणी विचारायलाच नव्हतं. घर बांधून शेती करायला एकेका कुटुंबाला १६० एकर फुकट देत होते, पण या कोरड्या भागात १६० एकरात काही पिकत नाही. त्यामुळे ओढ्याकाठची पाण्याची जमीन लोकांनी घेतली आणि मागचा अख्खा माळ सरकारच्या नावावर तसाच पडून राहिला. त्यावर ज्याची जनावरं आधी पोचली त्याचं गवत. वसंतात गवत नीट उगवायच्या आतच लोक कळप घुसवायचे, आपण थांबलो तर दुसरा नेणार म्हणून. गाईवाले आणि मेंढीवाले यांच्यात खून पडलेत, मेंढ्यांचे कळपच्या कळप कड्यावरून ढकलून दिलेत. माळ पार खरवडला गेला. त्यात १९३० नंतरचा दुष्काळ, धुळीची वादळं. मग कोलोरॅडोचे खासदार एडवर्ड टेलर यांनी आणलेला कायदा १९३४ मध्ये पास झाला, टेलर ग्रेझिंग अ‍ॅक्ट. माळाचे जिल्हे पाडले, परमिट सुरू केलं, फी लावली. ते खातं आणि जुनं जमीन खातं १९४६ मध्ये एकत्र करून बीएलएम झालं.

परमिट साधारण दहा वर्षांचं असतं आणि संपलं की आधीच्यालाच पहिली संधी. त्यामुळे कागदावर हक्क नाही, नुसती सवलत, असं कायदा म्हणतो, पण रँच विकायला काढली की परमिटची किंमत धरूनच भाव होतो आणि बँकसुद्धा ती धरते.

आणि यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. परमिट मिळायला अट काय, तर जवळपास तुमची स्वतःची जमीन किंवा पाणी पाहिजे, त्याला ते बेस प्रॉपर्टी म्हणतात. आता त्या काळी या भागात बास्क लोकांचे (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेले) फिरते मेंढके पुष्कळ होते, त्यांच्याकडे मेंढ्या होत्या पण जमीन टीचभर नव्हती, वर्षभर सरकारी माळावरून फिरायचे. गाईवाले त्यांना भटुरडे म्हणून हिणवायचे. १९३४ च्या कायद्याने ते एका फटक्यात बाहेर. काही परत गेले, काही दुसऱ्यांच्या कळपामागे मजुरीला लागले. बॉइझीत त्यांची अख्खी गल्ली आहे, खानावळी, म्युझियम, सगळं. पण स्वतःच्या मेंढ्या घेऊन फिरणारा बिनजमिनीचा मेंढका संपला तो संपलाच.

माणदेशी_गडी

बॉइझीकर भाऊ, हे शेवटचं वाचून नुसता बसून राहिलो. बाकी डॉलरबिलर ठीक आहे, पण हे बेस प्रॉपर्टीचं आमचंच दुखणं आहे.

आमचं घराणं मेंढरामागचं. मी नोकरीला पुण्यात असलो तरी चुलते आणि त्यांची पोरं अजून वाड्यावर आहेत, माण तालुक्यातून दिवाळी झाली की खाली उतरायचं, पावसाच्या आत माघारी. घोड्यावर बिऱ्हाड, बारकी पोरं आणि कोंबड्या पण घोड्यावरच. संध्याकाळी कुणाच्या तरी रानात वाघर लावायची (वाघर म्हंजे जाळी, मेंढरं आत कोंडायची), रातभर मेंढरं तिथं बसली की लेंडी आणि मुतानं रान खतावतं, शेतमालक त्याचं धान्य देतो नायतर पैशे देतो. पूर्वी पायलीनं जवारी मिळायची, आता बागायत आली, ऊस आला, रिकामं रानच राहिलं न्हाय. मग दिवसा मेंढरं चारायची कुठं? गायरानात गेलं तर तिथं कुणाचं तरी अतिक्रमण, कुठं सोलरचा प्लँट, कुठं गावची शाळा. फॉरेस्टात गेलं तर गार्ड.

एकदा चुलत्यांना रोपवनाच्या कडंला धरलं. मेंढरं आत गेली न्हवती, कडंनी चालली होती. गार्ड म्हणला पावती फाडायची का कसं करायचं. कसं करायचं म्हंजे काय ते वाड्यावरच्या शेंबड्या पोराला पण ठावं असतं, एक चांगलं कोकरू गेलं. पावती फाडली असती तर बरं झालं असतं असं मी म्हणलो, तर चुलते म्हणले पावती फाडली तर पुढच्या वर्षी नाव लक्षात ठेवतात.

तुमच्या त्या रँचरला निदान गवत किती इंच ठेवायचं हे कागदावर लिहून दिलंय हो. त्याला नियम जाच वाटतो. आम्हाला कुणी नियम सांगितलाच न्हाय, नुसतं चला इथनं एवढंच.

निवृत्त_वनपाल

माणदेशी, कोकरू घेणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही, तसले नग आमच्यात होते आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांना तोंड दाखवायची चोरी होते. पण दुसरी बाजू ऐका. रोपवन लावलं की पहिली तीन-चार वर्षं ते राखावं लागतं. वर्षाखेर रोपं किती जगली याची मोजणी होते आणि टक्केवारी कमी आली की नोटीस गार्डला येते, मेंढपाळाला नाही. एका बीटला (एका गार्डकडे दिलेला जंगलाचा भाग) शेकड्यांनी हेक्टर, माणूस एकटा, सोबत काठी. पाचशे मेंढ्यांचा वाडा एका रात्रीत आत येऊन गेला तर सकाळी काय उरतं ते मी पाहिलंय.

कायदा म्हणाल तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २६ आहे, राखीव वनात परवानगीशिवाय जनावर चारणं हा गुन्हा. आणि जोडीला १८७१ चा गुरांचा अतिक्रमण कायदा, म्हणजे कोंडवाड्यात घालायचं. पूर्वी चराईचे पास असायचे, जनावरामागे ठरलेले पैसे भरा आणि ठरलेल्या कंपार्टमेंटमध्ये (जंगलाचा आखून दिलेला तुकडा) चारा. शेळ्या-मेंढ्यांना त्यातही हात आखडताच होता. पुढे जंगलं घटली, दबाव वाढला, आणि बंद करणं हेच सगळ्यांना सोपं वाटायला लागलं. माझ्या नोकरीत कंपार्टमेंट बंद झाल्याचे कागद पुष्कळ आले, मुदत संपली आता उघडा असं सांगणारा कागद क्वचितच आला.

पुणेरी_तिरकस

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

गवताळ

वनपाल काका, आदर ठेवून विचारते, पण ती रोपवनं मुळात माळावर का लावली? मी गवताळ प्रदेशांवरच काम करते म्हणून जरा लांबलचक लिहिणार आहे, सहन करा.

सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, माण-खटाव, हा सगळा मुळातच माळ आहे. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती हातभर सुद्धा नाही. तिथे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं, मधे मधे बोर-बाभूळ. इथे जंगल होतं आणि ते तुटून माळ झाला ही समजूत ब्रिटिशांच्या काळापासून आपल्या डोक्यात बसलीय. महसुलात याची नोंद पडीक. पडीक म्हटलं की काहीतरी केलंच पाहिजे, म्हणून चर खणायचे आणि गिरिपुष्प लावायचं. गिरिपुष्पाखाली गवत नीट येत नाही आणि मेंढ्याही त्याला फारसं तोंड लावत नाहीत. म्हणजे झाडं लावून आपण चारा घालवला आणि मग झाडं वाचवायला मेंढ्या हाकलल्या.

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण बघा. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर केलं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते, अख्खी तालुक्याची ठिकाणं. लोकांना साधी जमीन विकायची तरी वांधे. एवढं मोठं अभयारण्य राखणार कोण, त्यामुळे शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळावर शेती आली, विजेच्या तारा आल्या, आणि माळढोक आता नान्नजला दिसला तर बातमी होते. लोक मात्र अजून त्याला चराईविरुद्ध माळढोक असाच वाद समजतात. माळढोकाला उंच गवतही लागतं आणि आखूडही, नाचायला मोकळी जागा लागते. बेतशीर चराई त्याला मारत नाही, नांगर मारतो.

अमेरिकेत अगदी ह्याच जागी सेज ग्राऊज नावाचा पक्षी आहे. नर मोकळ्या जागी जमून छाती फुगवून नाचतात, माळढोकाचा लांबचा भाऊ शोभावा. त्याला धोक्यातल्या यादीत टाकलं असतं तर अकरा राज्यांतल्या चराईवर बंधनं आली असती, म्हणून रँचर, राज्यं आणि केंद्र सरकार अनेक वर्षं एकत्र बसले, आणि २०१५ मध्ये यादीत टाकायची गरज नाही असा निर्णय झाला. तो निर्णय बरोबर की चूक यावर अजून भांडणं आहेत. पण जनावरं चारणारा माणूस त्या टेबलावर बसलेला होता. नान्नजला धनगरांना कुणी बोलावलं होतं?

आणि लांडगे. आपल्या माळावरचा लांडगा वाड्यांच्या मागे मागे असतो. मेंढ्या गेल्या तर लांडगाही जाणार. वाड्यावर वर्षाला काही कोकरं लांडग्याची असं धरूनच चालतात, त्यासाठी रायफल घेऊन कुणी पुलावर आडवं पडत नाही.

नेवाडातली_मावशी

वा गवताळ ताई. पण बेतशीर चराई हा शब्द इथल्या रँचरला फार आवडतो हं, जपून. आमच्याकडे चीटग्रास म्हणून परदेशी गवत पसरलंय, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून कोरडंठाक होतं आणि मग अख्खे डोंगर पेटतात. रँचर म्हणतात आमच्या गाई ते खातात म्हणून आगी कमी लागतात. शास्त्रज्ञ म्हणतात गाईंनी मूळचं गवत खाऊन संपवलं म्हणूनच हे आलं. दोन्ही थोडं थोडं खरं असावं. पण गाय उन्हाळ्यात माळावर थांबत नाही, ओढ्यात जाऊन उभी राहते, काठ तुडवते, पाणी शेणाने हिरवं. मी स्वतः बघितलंय, ट्रेलवर पाण्याची बाटली भरायला गेले आणि तशीच परत फिरले.

बॉइझीकर

मेंढ्यांवरचं एक उदाहरण माझ्याकडून. वर पेएट नॅशनल फॉरेस्टमध्ये बिगहॉर्न नावाच्या रानमेंढ्या आहेत. पाळीव मेंढ्यांपासून त्यांना न्यूमोनिया होतो आणि कळपच्या कळप मरतात. म्हणून फॉरेस्ट सर्व्हिसने २०१० मध्ये तिथली पाळीव मेंढ्यांची चराई जवळपास ७० टक्क्यांनी कापायचा निर्णय घेतला. पिढ्यानपिढ्या तिथे जाणारी कुटुंबं होती. ते कोर्टात गेले, हरले. त्यांनी कुणाला बंदूक दाखवली नाही म्हणून त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

आणि कुंपणाबद्दल कुणीतरी मला व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं होतं, ते इथेच सांगतो. आयडाहोचा बराच भाग ओपन रेंज आहे. म्हणजे गाय आत येऊ नये असं वाटत असेल तर कुंपण तुम्ही घालायचं, गाईवाल्याने नाही. रात्री गाडीने रस्त्यावरच्या गाईला धडक दिली तर गाईची भरपाई गाडीवाल्याच्या अंगावर येऊ शकते. रस्त्यावर जिथे कुंपण आडवं येतं तिथे फाटक नसतं, जमिनीत लोखंडी पाइप अंतरा-अंतराने आडवे बसवलेले असतात, गाडी खडखडत जाते पण गाईचा खूर अडकतो म्हणून ती पलीकडे येत नाही.

माणदेशी_गडी

गाईची भरपाई गाडीवाल्यानं द्यायची!! हे आमच्या चुलत्यांना सांगितलं तर ते उद्याच पासपोर्ट काढतील. हायवेवर ट्रकखाली मेंढरं चिरडली तर आमच्याकडं ट्रकवाला वर दमदाटी करून जातो.

कोर्टकचेरी

आता गायरानाचं थोडं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २२ खाली गावच्या जनावरांसाठी जमीन राखून ठेवतात, ते गायरान. मालकी सरकारची, वापर गावाचा. सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या निकालात सगळ्या राज्यांना सांगितलं की गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायची योजना करा. त्यावरून महाराष्ट्राचा जीआर निघाला, आणि २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्वतःहून विषय हातात घेतला तेव्हा गावोगाव नोटिसा गेल्या.

पण इथे सरळ गुंड विरुद्ध गुरं असं चित्र काढू नका. मराठवाड्यात गायरान कसणारे पुष्कळ लोक भूमिहीन दलित आहेत. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यातून पुढे १९९१ चा शासन निर्णय आला आणि १९७८ ते १९९० मधली अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. त्यामुळे गायरान मोकळं करा म्हणताना कुणाच्या चुलीवर पाणी पडतंय तेही बघावं लागतं. नोटीस आधी त्यालाच जाते, कंपनीच्या प्लँटला नाही.

घरचा_अभ्यास

हिवरे बाजार, राळेगणसिद्धी कुणी कसं काढलं नाही अजून? चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून गावं उभी राहिली. हिवऱ्यात गवत कापून न्यायला परवानगी, पण जनावर सोडायचं नाही. काही वर्षांत चारा कितीतरी पटीने वाढला, दूध वाढलं. सरकारचा गार्ड लागला नाही, गावानेच नियम केला आणि गावानेच पाळला. एलिनोर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयावर मिळालं, की सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून नीट सांभाळू शकतात, सरकार किंवा खाजगी मालक एवढे दोनच रस्ते नाहीत.

माणदेशी_गडी

घरचा अभ्यास साहेब, त्या गावांबद्दल आदर आहेच. पण चराईबंदीचा ठराव ज्या ग्रामसभेत होतो त्या सभेत वाडा नसतो. गोठ्यात म्हैस बांधून गवत कापून घालणाऱ्याला बंदी परवडते. तीनशे मेंढरं गोठ्यात बांधून दावणीला कोण खायला घालणार? गावानं गावासाठी नियम केला, बरं केलं, पण जो वर्षातनं पंधरा दिवस त्या गावातनं जातो त्याचं काय ठरलं? तेच तुमच्या बास्क लोकांचं. ज्याचं घर तिथं त्याला परमिट, जो चालता त्याचं नाव खोडलं.

सरकार आता पावसाळ्यातले चार महिने चराईचं अनुदान देतं, महामेष योजना आहे, नाही म्हणत न्हाय. पण फॉर्म भरायला माणूस गावात पायजे, आणि सगळ्या वाड्यांना ते मिळतं असं न्हाय. चुलते म्हणतात पैशे नको, वाट द्या.

निवृत्त_वनपाल

माणदेशीचं म्हणणं पटण्यासारखं आहे. महात्मा फुल्यांनी १८८० च्या दशकातच लिहून ठेवलंय की जंगल खात्याने डोंगर, माळ, गायरानं सगळी घशात घातली आणि गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाही. मला नोकरीत कुणी ते वाचायला दिलं नव्हतं.

मला विचाराल तर बंदीपेक्षा पास बरा. ठरलेला रस्ता, ठरलेल्या तारखा, ठरलेली संख्या, माफक पैसे, आणि पावती. गार्डलाही सुटका, कारण मग कुणाला आत घेतलं हे त्याच्या मर्जीवर राहत नाही.

पुणेरी_तिरकस

आणि कोकरू वाचतं.

कोर्टकचेरी

कायद्यात तशी जागा आहे, हे लोकांना माहीतच नसतं. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(ड), त्यात चराईचा हक्क आणि भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलाय. अडचण पुढे येते. धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत (तो वाद इथे नको, दुसरा धागा काढा), म्हणून ते इतर पारंपरिक वननिवासी या गटात येतात, आणि त्या गटाला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं त्या वनात राहिल्याचं आणि त्यावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. फिरत्या माणसाने राहिल्याचा पुरावा आणायचा कुठून? इथेही बेस प्रॉपर्टीच झाली, नाव वेगळं.

तरी हातपाय गाळू नका. नियमांमध्ये पुरावा म्हणून गॅझेटिअर, जनगणना, जुने नकाशे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, पारंपरिक चराईच्या जागा, हे सगळं चालतं. आणि नियम १२ मध्ये असं लिहिलंय की पशुपालक आणि भटक्या समाजाच्या दाव्याची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशाच वेळी करायची. म्हणजे वाडा कोकणात असताना वनहक्क समितीने बैठक घेऊन दावा फेटाळला तर त्याविरुद्ध अपील करता येतं. ज्या ज्या गावांच्या हद्दीतून वाडा जातो तिथे अर्ज टाकावा लागेल, हे काम किचकट आहे, पण पहिला अर्ज कुणीतरी टाकला पाहिजे.

गवताळ

माणदेशी दादा, मार्गाचा नकाशा काढायचा असेल तर मी येते. मुक्काम कुठे कुठे पडतात, पाणी कुठे, कुठल्या महिन्यात, हे चुलत्यांच्या तोंडून घेऊन जीपीएसवर मांडता येईल. पुराव्याला जोडता येईल आणि माझ्याही कामाचं आहे, उगाच उपकार म्हणून म्हणत नाही.

माणदेशी_गडी

ताई, या की. दिवाळीनंतरच्या आठवड्यात वाडा हलतो, त्याच्या आधी गावात भेटतील सगळे. चालायची तयारी ठेवा, चुलते सत्तरीचे आहेत पण तुम्हाला आम्हाला ऐकायचे न्हाईत.

वकील साहेबांचं नियम १२ वालं चुलत्यांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणले, समितीला वाडा कुठाय ते सापडंल का? मग स्वतःच म्हणले, लांडग्याला सापडतो, गार्डाला सापडतो, समितीला न सापडायला काय झालं.